हाडकावरची सुपडी

नाल्यापलीकडच्या माळावर त्या सकाळी होतं ते एवढं: बैलांच्या फासळ्यांचे दोन सांगाडे, एक पुरता आणि एक अर्धा, शिंगं पाच, म्हणजे तिसऱ्या जोडीतलं एक कुठेतरी कमी, मधोमध घासून बशीसारखा खोल झालेला काळा दगड एक, बाभूळ एक, आणि बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत एक कुत्री. गिधाड नव्हतं. माशाही नव्हत्या, आणि कवडूला सगळ्यात जास्त चुकल्यासारखं वाटलं ते त्यामुळे.

गावात ढोर मेलं की ओढून इथे, हाडकावर, आणायचं आणि त्याचं कातडं सोलायचं, हे काम कवडूच्या घरात त्याच्या आजाच्याही आधीपासून होतं. छप्पन सालच्या दसऱ्याला वस्तीतली सगळी माणसं नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली. आल्या आल्या वस्तीत ठराव झाला: मेलेल्या ढोराला यापुढे कोणी हात लावायचा नाही. घरोघरच्या सुऱ्या गोळा करून नाल्याच्या डोहात टाकल्या. कवडूची सुरी त्याच्या मुलानं, भैयाजीनं, त्याच्या देखत टाकली. तेव्हापासून कवडू माळावर फिरकला नव्हता. आज चैत्राच्या उन्हात आला होता तो दातणासाठी बाभळीच्या काड्या तोडायला, निदान घरून निघताना त्याने सुनेला सांगितलं ते तसं.

पूर्वी इथे दहा-बारा कुत्री असायची. बाकीची कुठे गेली ते कोण सांगणार. काही गावात शिरून काठ्या खाऊन मेली असतील, काही उपाशी. ही राहिली होती. कवडूला ती ओळखीची वाटली. थोरल्या कुत्र्यांच्या भांडणात कधी न पडणारी, डाव्या हाताला अंतर राखून बसणारी, सुपाएवढ्या कानांची. आता अंगावर कातडं आणि हाडं यांच्यामध्ये काहीच शिल्लक नव्हतं.

त्याने काड्या तोडल्या आणि तो निघाला. कुत्री मागे निघाली. तो थांबला की ती थांबायची. नाल्याच्या उतारावर त्याने वळून पाहिलं तर ती काठावर पुढचे पाय रोवून उभी.

"येतं तर ये," कवडू म्हणाला. "नाई तर राह्य मंग थितंच."

ती आली.

*

"बा, हे काय आनलं तुमी?" भैयाजीने विचारलं. तो सातवी पास होता आणि वस्तीच्या पंचमंडळाचा चिटणीस होता, त्यामुळे घरातसुद्धा तो थोडा सभेतल्यासारखा बोलायचा.

"कुत्री हाय."

"दिसते मले. पन हे हाडकावरची कुत्री हाय. आपल्या घरी काऊन आनून राह्यले?"

"मी नाई आनली. थे आली."

चुलीपुढून कांता, भैयाजीची बायको, हसली. "मामाजी, नाव काय ठेवता मंग? आली तर नाव पायजे न."

कवडूने फार विचार केला नाही. ज्या घरात लेकरं जगत नाहीत तिथे नवं लेकरू सुपात घालून उकिरड्यावर लोळवतात आणि त्याचं नाव सुपडा किंवा सुपडी ठेवतात, म्हणजे मृत्यूला वाटतं हे टाकाऊ आहे, उचलायचं कारण नाही. त्याचं स्वतःचं नाव तशाच हिशेबानं कवडीवरून पडलं होतं. "सुपडी," तो म्हणाला.

सुपडीला घराचं काहीच कळत नव्हतं. छपराखाली न्यायला गेलं की ती पोट भुईला लावून थरथरायची. कवडूला आधी वाटलं, चुलीच्या धुराला भिते. मग चूल विझल्यावर पाहिलं, तरी तेच. शेवटी लक्षात आलं की तिला भीती छपराची आहे. जन्मात डोक्यावर बाभळीपेक्षा दाट काही आलं नव्हतं. ज्वारीची भाकर दिली तर तिने हुंगली, तोंडात धरून रांजणाजवळ नेली आणि ओल्या मातीत पुरून टाकली.

"मामाजी, तुमची लेक भाकर पेरून राह्यली," कांता म्हणाली. "पावसायात कनसं लागतील आता आंगनात."

पण एका दुपारी सुपडी दिसेनाशी झाली आणि परतली ती तोंडात बैलाच्या तंगडीचं हाड घेऊन. भर वस्तीतून तिने ते ओढत आणलं आणि कवडूच्या पायाशी ठेवून डावीकडे जाऊन बसली.

शेजारचा नत्थू कुडाला टेकून बिडी पीत होता. "कवडूबुवा," तो म्हणाला, "दुकान बंद केलं मनत होते न? घरून चालू केलं काय?"

नत्थूच्या थट्टेवर लोक हसले, पण हसून प्रकरण संपण्यासारखं नव्हतं. हाड घेऊन जाणारी कुत्री गावातल्या दोघातिघांनी पाहिली होती, आणि संध्याकाळपर्यंत गावच्या पारावर बोलणं सुरू झालं की बुद्ध झाले पण हाडूक सुटलं नाही. वस्ती आधीच कोंडीत होती. ढोरं ओढायला नकार दिल्यापासून शेतकऱ्यांनी वावरातली कामं बंद केली होती. बांधाबांधानं गावाकडे जाणारी वाट बोराटीचे काटे टाकून बुजवली होती. अल्लीपूरच्या बाजाराला जायचं तर नाल्यानं लांबचा फेरा घ्यावा लागे. वस्तीभोवती जनावरं शिरू नयेत म्हणून घातलेलं काट्याचं कुंपण आताशा आतल्या माणसांनाच घातल्यासारखं वाटायचं.

निंबाखाली पंच बसले. सगळ्यांत वडील रामाजी. त्यांनी कवडूला समोर बसवलं.

"तू माळावर गेलता?"

"काड्या आनाले गेलतो."

"काड्या इथं नाई भेटत?"

कवडू बोटाने मातीत रेघ ओढू लागला.

"मी तुले खोटा नाई मनत, कवडू. पन उद्या गावानं मनलं की कवडू लपून ढोरं फाडते, तर मी कोनत्या तोंडानं नाई मनू? हाड तुह्या आंगनात. कुत्री तुही." रामाजींनी भैयाजीकडे पाहिलं. "चिटणीस, सांग तू."

भैयाजीला सांगावं लागलं. कुत्री कुंपणाच्या आत राहील. एकदा जरी बाहेर हाडकाकडे गेली, तर तिला बैलगाडीत घालून समुद्रपूरच्या पलीकडे सोडून यायचं. आणि तशी वेळ आली तर कवडूचाही शब्द यापुढे वस्तीत धरला जाणार नाही. सांगताना त्याने बापाकडे पाहिलं नाही. कवडूनेही त्याच्याकडे पाहिलं नाही. एवढ्या वर्षांत त्याच्या हाताला वास येतो असं लोक म्हणत आले होते. आता हात धुऊन बसला तरी लोक हुंगायचं सोडत नव्हते.

*

सुपडीला दाव्यानं खुंट्याला बांधली. ती दावं ताणून गोल गोल फिरायची आणि त्या फिरण्यानं अंगणात फुफाट्याचं एक कडं उमटलं. कवडू दिवसभर तिथेच खाट टाकून पडून असायचा. वावर बंद, माळ बंद, गावची वाट बंद. माणसाला बसायचं असतं तेव्हा बसवतं. बसवून ठेवलं की पाठ दुखते.

एका सकाळी कुंपणाला काटे तोडायचे म्हणून कांता विळा घेऊन दगडावर घासायला बसली. दोन-चार हात फिरवले असतील, तोच सुपडी ताठ उभी राहिली. तोंडातून लाळेची तार लोंबली. मग तिने असा हिसका दिला की जुनं दावं तुटलं, आणि ती नाल्याच्या दिशेने सुटली. कुंपणाच्या तोंडाशी भैयाजीने अंगावर पडून तिला धरली म्हणून बरं.

"पिसाळली काय जी?" कांता घाबरून म्हणाली.

कवडूने विळ्याकडे पाहिलं. त्याने नवं दावं बांधलं आणि दुपारी, सगळे आडवे झाल्यावर, दगडावर दगड घासून पाहिला. सुपडीने कानही हलवला नाही. पळी पातेल्यावर वाजवून पाहिली. काही नाही. मग विळा घेतला आणि हळूच एक हात फिरवला. सुपडी उठली. लाळ सुटली.

कवडूने विळा खाली ठेवला. माळावरच्या काळ्या दगडावर तो सुरी घासायचा, मग कापायचा, आणि पहिला तुकडा डावीकडे फेकायचा. का फेकायचा ते त्यालाही ठाऊक नव्हतं. बाप फेकायचा म्हणून. म्हणजे कुत्री नुसत्या वासाने जात नव्हती. तिला बोलावणं जात होतं, आणि वर्षानुवर्षं ते बोलावणं धाडणारा तो स्वतःच होता.

मग त्याने ठरवलं की आवाज तोच ठेवायचा, तुकडा बदलायचा. कांताकडून वाळलेल्या बोंबलाचं पाणी आणि त्यात कुस्करलेली भाकर मागून घेतली. "आमाले नाई बोंबील आन् कुत्रीले पाहुनचार," असं कांता म्हणाली, पण तिने दिलं. कवडू विळा घासायचा आणि थाळी डावीकडे सरकवायचा. पहिल्यांदा सुपडी थाळीकडे न पाहता नाल्याकडेच ओढ घेत राहिली. दुसऱ्यांदाही. मग एकदा तिने मान वळवली. पुढे त्याने दगड खाटेजवळून ओसरीत आणला, ओसरीतून दाराशी, आणि एक दिवस सुपडी त्या आवाजामागे छपराखाली शिरली, थाळी चाटली आणि आपण कुठे आहोत ते कळल्यावर धूम बाहेर पळाली. कांता पोट धरून हसली.

रोजचा तो आवाज ऐकून नत्थू कुडापलीकडून म्हणायचा, "पुंडलिकराव पाटलानं वावरात कामाले बलावलं वाटते! विळा लय घासून राह्यले!"

*

वैशाखात पुंडलिकरावांचा बैल उन्हाने मेला. पुंडलिकराव गावातले मोठे शेतकरी. वावरं बंद करण्यात त्यांचाच शब्द पहिला होता. बैल दोन दिवस गोठ्यात पडून राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या दोन गड्यांनी नाकाला फडकी बांधून, दुसऱ्या बैलजोडीला दोर लावून तो ओढत आणला.

कवडू अंगणातून पाहत होता. गड्यांनी दोर शिंगांना बांधला होता. नाल्याच्या उतारावर येईपर्यंत बैलाची मान उलटी वळली आणि एका शिंगाचं टोपण निघून दोराबरोबर आलं. चारही पाय एकत्र बांधा रे, हे कवडूच्या जिभेवर आलं होतं. त्याचे हात मांड्यांवर होते. ते त्याने मांड्यांखाली सरकवून वर बसून घेतलं. गड्यांनी थोडी ओढाताण केली, शिव्या दिल्या आणि बैल तिथेच टाकून जोडी घेऊन निघून गेले. नाल्याच्या अलीकडे, वस्तीच्या पश्चिमेला, कुंपणाच्या तोंडासमोर. मुद्दाम टाकला की जमलं नाही म्हणून टाकला, यावर वस्तीत वाद झाला. दोन्ही खरं असू शकत होतं.

वारा पश्चिमेचाच होता. दुसऱ्या दिवशी उन्हं वर येताच वस्तीला श्वास घेणं कठीण झालं. लोकांनी दारं लावून घेतली तर आत उकडून जीव जायचा. उघडली तर वास. लेकरं ओकू लागली. गिधाडं आली, पण माणसांच्या इतक्या जवळ उतरायला बिचकून चिंचेवर बसून राहिली. कुत्री मात्र आली, कुठून कुठून, आणि त्यांची गुरगुर कुंपणापर्यंत ऐकू येऊ लागली.

त्याच्या पुढच्या सकाळी पुंडलिकराव स्वतः कुंपणाबाहेर येऊन उभे राहिले. तोंडावर उपरणं होतं.

"कवडू."

"जय भीम, पाटील."

पुंडलिकरावांनी ते गिळलं. "तू एकटा ये. जोडी देतो, दोर देतो. फाडू नोको पायजे तर. नाल्यापार नेऊन टाक फक्त."

"तुमचे गडी हायेत न."

"गड्यायचं काय सांगू तुले! ढोराले हात लावला मनून त्यायच्या बायकाच घरात घेऊन नाई राह्यल्या. काल गोठ्यात जेवले दोघं." मग त्यांनी आवाज चढवला. "पाह्य, तू आलास तर आजच वावरं उघडतो. तुह्या एकट्याले नाई, सगळ्या वस्तीले. इचार कर."

कवडूने खाटेवरून उठून कुंपणापर्यंत जायलाही नकार दिला होता. तो बसूनच बोलत होता. "शिंगाले सोडा मना आन् पायाले बांधा," तो म्हणाला. "चारी पाय एकाजागी. मंग येते ओढत. गड्यायलेच जमन."

"तुले नाई येनं होत?"

"नाई."

पुंडलिकराव गेले. हे सगळं बोलणं नत्थूने आपल्या दारातून पाहिलं. त्याला ऐकू आलं ते एवढंच, की वावरं उघडतो आणि इचार कर.

दुपारी सुपडी वेडीपिशी झाली. वास तिच्या नाकात होता, दुसऱ्या कुत्र्यांची भांडणं कानात, आणि दावं गळ्याला. मानेवरचे केस घासून खालचं कातडं लाल झालं. कवडूने पाणी दिलं, तिने उलथवलं. हाताने धरून ठेवली, तर हाताला दात लागले. शेवटी त्याने विळा घेतला आणि दगडावर घासायला सुरुवात केली.

आवाज त्या निपचित दुपारी पार वस्तीच्या टोकापर्यंत गेला.

पहिला आला नत्थू, आणि आज तो थट्टा करत नव्हता. "वावरात काम नाई. वैशाखात गवत नाई. समोर ढोर पडून हाय आन् सकाळी पाटील येऊन गेला. विळा काऊन घासून राह्यले, कवडूबुवा?"

त्याच्या मागून दारं उघडली. बाया, बाप्ये, नाकाला पदर आणि फडकी लावून अंगणाभोवती उभे राहिले. रामाजींना त्यांच्या नातसुनेने हाताला धरून आणलं. भैयाजी धावत आला आणि बापाच्या हातातला विळा पाहून जागीच थांबला.

"बा," तो म्हणाला.

"कुत्रीले शिकवून राह्यले मामाजी," कांता पुढे होऊन म्हणाली. "विळ्याच्या आवाजानं थे पह्यले माळावर पळे. आता भाकरीवर येते. मी पाह्यलं माह्या डोयानं."

"कुत्रीची शाळा!" गर्दीतून कोणीतरी म्हटलं. "कितवीत हाय?"

लोक हसले, पण ते हसणं वासानं चिडलेलं होतं. कवडूने पाहिलं, सगळे त्याच्या हातांकडे पाहत होते.

"रामाजी," तो म्हणाला, "सोडून पाहू तिले. आता, तुमच्या सगळ्यायसमोर. ढोर समोर हाय, याहून मोठी परीक्षा कोनती? कुंपनाच्या भायेर गेली तर तुमी मनान थे खरं. तिचंही आन् माहंही."

"मामाजी," कांता हळूच म्हणाली, "बोंबील सरले काल. कोरडी भाकर हाय फक्त."

कवडूने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "आन मंग कोरडी," तो म्हणाला.

रामाजींनी मान हलवली. "हाक नाई मारायची. नाव नाई घ्यायचं."

भैयाजीने दावं सोडलं. गाठ लाळेनं घट्ट बसली होती. त्याला वेळ लागला. गाठ सुटल्याबरोबर सुपडी गेली. लोकांच्या पायांमधून, सरळ, कुंपणाच्या तोंडाकडे, नाक पुढे काढून. कवडू विळा घासत होता. त्याला मागे वळून पाहायची इच्छा झाली नाही. पाहिलं तर हात थांबेल असं त्याला वाटलं. समोर कांताचा चेहरा होता, तो त्याने पाहिला. कांताने डोळे मिटले होते.

बाहेरची कुत्री भुंकली. गर्दीतून एक लांब "हं" असा आवाज आला. कवडूने दगड उलटा केला आणि घासत राहिला. पातं तापलं होतं. धारेला आता काही कापायला उरलं नव्हतं, ती नुसती झिजत होती.

मग डाव्या हाताला काहीतरी धापा टाकत येऊन बसलं. लाळेचा थेंब त्याच्या पायावर पडला. त्याने भाकरीचा तुकडा मोडून डावीकडे ठेवला. सुपडीने तो पुरला नाही. खाल्ला.

"भायेर गेलती थे!" मागून एक म्हातारी ओरडली. "पाय टाकलाच भायेर तिनं. मी पाह्यलं."

"नाई टाकला," कांता म्हणाली.

"टाकला!"

दोन्ही बाजूंनी आवाज चढले. रामाजींनी काठी आपटली. "भांडता काहाले? फुफाट्यात पाय उमटते न तिचा. नत्थू, तूच जा. मोज."

नत्थू गेला. लोक बाजूला झाले. कुंपणाच्या तोंडाशी फुफाटा घोट्याएवढा होता आणि त्यात सुपडीचे पाय स्पष्ट उमटले होते. जाताना सरळ एका रांगेत, मग चारही एका ठिकाणी दाबलेले, मग वळलेले. नत्थूने दोन्ही बाजूंच्या मेढींच्या बुडाशी सुतळी ताणून धरायला लावली. तो गुडघ्यांवर बसला. सुतळीपासून त्याने वीत टाकली, परत टाकली, मग उरलेल्या जागेत बोटं जोडून ठेवली. खात्रीसाठी दुसऱ्यांदा मोजलं.

"सगळ्यात पुढचा पाय," तो म्हणाला, "सुतळीपासून दोन विती चार बोटं. आतल्या अंगाले."